एर्रगुट्ट्याच्या शाळेचा व्हरांडा

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर साखळी घेऊन शिवारं तुडवल्यामुळे पुढे त्यांना प्रवासाचं नाव नकोसं झालं होतं. लातूर सोडून ते लग्नकार्यालाही कुरकुरत जायचे. त्यामुळे दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्यांनी स्वतःहून "हैदराबादला जायचं का?" असं विचारलं, तेव्हा मी हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

कारण होतं मोबाइलवरचा एक फोटो. माझा चुलतभाऊ मिलिंद हैदराबादला रेल्वेत आहे. त्याची मुलगी समीक्षा तिथल्या जुन्या विद्यापीठात शिकते. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ती शहराबाहेरच्या एका गावात गेली होती. तिथली जुनी शाळा बंद पडली, नवी बांधली गेली आणि जुन्या इमारतीत गावकऱ्यांनी गावाचं संग्रहालय थाटलं. समीक्षानं दगडी खांबांच्या त्या बैठ्या इमारतीचा फोटो पाठवून विचारलं होतं, "आजोबा, तुमचं एर्रगुट्टा हेच का?"

दादांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला आणि खांब मोजले. मग म्हणाले, "हेच."

एका दुष्काळात आमचे आजोबा उदगीरकडचं गाव सोडून दगडफोडीच्या कामावर हैदराबादला गेले होते, एवढं मला ठाऊक होतं. दादांचा जन्म तिकडचाच. चार यत्ता त्यांनी तिकडेच केल्या. मग राज्यांची फेररचना झाली, निजामी मुलखाचे तीन तुकडे पडले आणि आपला तुकडा मुंबई राज्यात गेला म्हणून आजोबा सगळं बिऱ्हाड घेऊन गावी परतले. पुढे आम्ही बौद्ध झालो, दादा मॅट्रिक झाले, नोकरीला लागले. एर्रगुट्ट्याचं नाव घरात निघायचं ते फक्त दादा झोपेत तेलुगू बोलले की. सकाळी आई त्यांना चिडवायची, रात्री कोणाशी गप्पा मारत होता म्हणून.

तारनाका

मिलिंदचं घर तारनाक्याला, रेल्वेच्या जुन्या वसाहतीजवळ. दारात जयभीम झालं, हातपाय धुतले आणि वहिनींनी ताटं वाढली. ज्वारीची भाकरी आणि गोंगुऱ्याची चटणी. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. आपण तिच्यात कण्या घालून भाजी शिजवतो, वरून लसणाची फोडणी ओततो. इथे तिला मिरच्यांबरोबर परतून वाटतात आणि महिनाभर पुरवतात. पाला तोच, पण एका मुलखात ती त्या दिवसाची भाजी आणि दुसऱ्या मुलखात बरणीतलं साठवण. मला चटणी इतकी तिखट लागली की डोळ्यांतून पाणी आलं. दादांनी मात्र दुसऱ्यांदा मागून घेतली.

त्याच वर्षी जूनमध्ये राज्याची पुन्हा वाटणी झाली होती. आंध्र वेगळा झाला होता आणि तेलंगण वेगळं. संध्याकाळी फिरायला निघालो तर एका सरकारी कचेरीच्या फाटकावर शिडी लावून रंगारी राज्याचं नाव बदलत होता. जुनी अक्षरं पांढऱ्या रंगाखालून अजून डोकावत होती. नव्या गाड्यांच्या पाट्यांवरही नवी अक्षरं आली होती. मिलिंदच्या शेजारच्या घरातलं जोडपं राज्य सरकारच्या नोकरीत होतं. दोघांची वाटणी कुठल्या राज्यात होणार, ते अजून ठरलं नव्हतं. बाई कट्ट्यावर बसून हसत हसत सांगत होत्या, की सामान बांधायचं का ठेवायचं ते कळेना, म्हणून यंदा नवे पडदेसुद्धा घेतले नाहीत. दादा त्यांच्याशी तेलुगूत बोलले. बाईंनी आधी कान टवकारले आणि मग विचारलं, "तुम्ही कुठल्या गावचे? असं तेलुगू आमच्या आजीच्या तोंडी असायचं." दादा लाजले. त्यांची ती भाषा पन्नासहून अधिक वर्षं पेटीत घडी घालून ठेवल्यासारखी होती, तिच्यावर नव्या शहराची धूळ बसलीच नव्हती.

समीक्षाची गंमत उलटी. ती घरी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. तिनं मला सांगितलं, "आत्या, मराठी बोलायला ईझी आहे, चदवायला कष्टम आहे." चदवणं म्हणजे वाचणं, हे मला नंतर कळलं. दादांनी तिला जवळ बसवून वर्तमानपत्राचा एक मथळा वाचायला लावला. ती वाचू लागली की ते शब्दाच्या अर्ध्यावर थांबवायचे आणि म्हणायचे, "पुढचं ओळख." मला तेव्हा ती शिकवण्याची विचित्रच रीत वाटली.

एर्रगुट्ट्याच्या वाटेवर

रविवारी सकाळी दादा, समीक्षा आणि मी निघालो. संग्रहालय फक्त रविवारी उघडतं. दिलसुखनगरला बस बदलायची होती. तिथे कोचिंग क्लासच्या पाट्या इमारतींवर अशा एकावर एक चढल्या आहेत की खिडक्या शोधाव्या लागतात, आणि रविवार असूनही पाठीवर दप्तरं टाकलेली पोरं घोळक्यानं चालली होती. दादा त्यांच्याकडे बघत उभे राहिले आणि आमची बस निघून गेली. दुसऱ्या बसला जागा मिळाली, ती चांगलीच म्हणायची.

घोटाळा उतरताना झाला. कंडक्टरनं "एर्रगुट्टा" म्हणून हाक दिली आणि आम्ही उतरलो, तर समोर मोठ्या वसाहतीचं फाटक. गावाचं नाव या नव्या वसाहतीनं घेतलेलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला समीक्षानं जुन्या शाळेबद्दल विचारलं, तर तो दक्खनीत म्हणाला, "इधर कू इस्कूल नै है अम्मा, स्विमिंग पूल है." मोबाइलवरचा नकाशाही आम्हाला त्याच फाटकात ढकलत होता. ऊन चढायला लागलं. मी रिक्षा शोधत होते, तेवढ्यात दादा फाटकाच्या कडेनं चालायला लागले. वसाहतीच्या भिंतीमागून एक टेकडी वर आली होती. तांबूस खडकाची, आणि चाकूनं कापल्यासारखी अर्धी.

"अर्धी टेकडी कुठे गेली?" समीक्षानं विचारलं.

दादा म्हणाले, "माझ्या बापानं नेली. तो आणि त्याच्यासारखे शंभर जण. शहरातल्या कितीतरी इमारतींत ती बसली असेल."

एवढं बोलून त्यांनी टेकडी डाव्या हाताला ठेवली आणि आम्हाला पायवाटेनं गावात नेलं. कोणाला वाट विचारायची गरज पडली नाही.

जुनी शाळा

इमारत फोटोत दिसली त्याहून लहान निघाली. एकच लांब वर्ग, त्याच्या डाव्या अंगाला दगडी खांबांचा व्हरांडा आणि समोर कडुनिंब. संग्रहालय पाहणारी बाई, सुजाता, आमची वाटच बघत होती. समीक्षानं तिला फोन करून ठेवला होता. तिशीची, सुती साडी नेसलेली, गावातल्याच नव्या शाळेत शिकवणारी. लहानपणी ती याच इमारतीत शिकली. इमारत पाडायचं घाटत होतं, तेव्हा तिनं आणि आणखी काही शिक्षकांनी पंचायतीत जाऊन ती मागून घेतली आणि घराघरातून जुन्या वस्तू गोळा केल्या. हे ती दक्खनीत सांगत होती, मधेच तेलुगूत शिरत होती. तेलुगू सोडलं तर मला सगळं कळत होतं. मराठवाड्यातल्या माणसाला दक्खनी शिकावी लागत नाही.

आत ताडी काढणाऱ्यांचा झाडावर चढायचा पट्टा होता, हातमागाचा धोटा होता, मोटेचं कातडं होतं. दगडफोड्यांचे घण आणि छिन्न्या एका फळीवर मांडल्या होत्या. छिन्न्यांची डोकी ठोकून ठोकून फुलासारखी पसरलेली. भिंतीवर निजामी राज्याचा जुना शाळकरी नकाशा होता, त्यात आमचा मुलूखही याच रंगात रंगवलेला. समीक्षानं बोटानं उदगीर शोधलं आणि आश्चर्यानं म्हणाली, "म्हणजे आपण बाहेरून आलो नाही तर." पुढच्या अंगाला जुनी शाळा जशी होती तशी लावली होती. चार बाक, मास्तरांची खुर्ची, लाकडी पाट्या आणि भिंतीतला काळा फळा.

बाजूच्या भिंतीवर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो होते. सुजाताची एक रीत होती. जुना विद्यार्थी आला की त्याला त्याच्या जुन्या जागेवर बसवायचं, फोटो काढायचा आणि भिंतीवर लावायचा. तिनं मोबाइल हातात घेतला आणि दादांना हाक मारली. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की दादा आत आलेच नव्हते. ते उंबऱ्याबाहेर उभे होते.

"या ना सर," सुजाता म्हणाली. "तुम्ही कुठे बसायचात? तिथेच बसा."

"मी आत बसत नव्हतो," दादा म्हणाले.

ते व्हरांड्यातून पुढे गेले, शेवटच्या खांबाशी थांबले, खांबाला धरून सावकाश खाली फरशीवर बसले. आम्ही बाहेर आलो. त्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काहीच दिसत नव्हतं. आतल्या बाजूनं तिला लाकडी कपाट लावलं होतं, पितळी भांड्यांचं. गजांमागे नुसती कपाटाची पाठ.

 दादा असे बाहेर बसत हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर दादांचं बालपण होतं ते बाकावरचं, चार पोरांतलं.  सुजातानं पदर खोचला, आत गेली आणि कपाटातली भांडी काढून बाकांवर ठेवायला लागली. समीक्षा धावली, मीही गेले. परात, हंडे, तांबे, सगळं उतरवलं आणि तिघींनी मिळून कपाट सरकवलं. त्याच्या पायांनी फरशीवर ओरखडे उमटले. खिडकीतून उजेडाचा पट्टा वर्गात पडला आणि गजांपलीकडे दादांचा चेहरा दिसला.

सुजाता बाहेर जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मग दादा बोलले. आधी तेलुगूत, तिच्याशी. नंतर माझ्याकडे बघून मराठीत.

त्यांनी सांगितलं ते असं. दगडफोड्यांच्या वस्तीतली दोनच मुलं शाळेत येत, आणि त्या दोघांची जागा ही. पाटी लिहून झाली की उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरायचं. मास्तर ती तिथून उचलायचे, तपासायचे आणि पुन्हा उंबऱ्यावर ठेवायचे. इथे बसलं की खिडकीची चौकट आड यायची आणि फळ्याचा पलीकडचा, उजवा अर्धाच भाग दिसायचा. सुरुवातीला शिकवणं उर्दूतून होतं. उर्दू उजवीकडून लिहितात, म्हणजे प्रत्येक ओळीची सुरुवात यांना दिसायची आणि शेवट ओळखावा लागायचा. मग सरकार बदललं, तेलुगू आली, ती डावीकडून. आता शेवट दिसायचा आणि सुरुवात ओळखायची.

"पण मास्तर ओळीचा न दिसणारा भाग मोठ्यानं वाचायचे," दादा म्हणाले. "आमच्यासाठी वाचायचे की त्यांची सवयच तशी होती, ते मला अजून ठरवता आलं नाही."

 सुजातानं दुसऱ्या मुलाबद्दल विचारलं.

"नरसय्या," दादा म्हणाले. "हिशेबात माझ्याहून हुशार. बापाला सुरुंगानंतर भाकरी द्यायला गेला होता, तर दगडाची एक कपची उडून इथे लागली. भुवईचे दोन तुकडे झाले होते. दुसरी झाली आणि त्याला खाणीवर घातलं. नंतर काय झालं त्याचं, मला माहीत नाही. आहे का तो?"

सुजाताचा हात आपोआप स्वतःच्या भुवईकडे गेला. ती दक्खनीत इतकंच म्हणाली, "वो मेरे ताता हैं." ताता म्हणजे आजोबा. वारून काही वर्षं झाली होती, हे तिनं नंतर सांगितलं.

"पण ते शाळेत गेलेच नव्हते," ती म्हणाली.  "मी मास्तरीण झाले तेव्हा सगळ्या गावाला पेढे वाटत सांगत होते, आमच्या घरात कोणी शाळेचं तोंड पाहिलं नाही, ही पहिली."

दादा म्हणाले, "खोटं नाही बोलला, पोरी. तोंड आम्ही पाहिलंच नाही. आम्ही खिडकी पाहिली. पण दोन वर्षं तो माझ्या शेजारी बसून शिकला, हे मी सांगतो. पाढे त्यानं मला शिकवलेत."

सुजाता रडली. तोंड फिरवून नाही, दादांच्या समोर बसूनच. समीक्षाही माझा हात धरून उभी होती. मला मात्र त्या क्षणी रडू आलं नाही. मला वाटत होतं की या बाईला आज काहीतरी परत मिळालंय, आणि ते द्यायला पृथ्वीवर एकच माणूस उरला होता, तो माझा बाप होता.

थोड्या वेळानं सुजातानं डोळे पुसले आणि दादांना हात दिला. "चला ताता," ती म्हणाली, "आता दोघं आत जाऊ."

ती त्यांना ताता म्हणाली, हे आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. दादा तिचा हात धरून उंबरा ओलांडून आत आले. बाकाकडे त्यांनी पाहिलंही नाही, सरळ फळ्यापाशी गेले. डाव्या अर्ध्या भागावरून हात फिरवला, मोजणीदार जमिनीवरून नजर फिरवतो तसा. मग खडू मागितला. नरसय्याचं नाव त्यांनी उर्दूत लिहिलं, त्याच्या पुढे आपलं, किसन, आणि पुढे आणखी काही. ओळ उजव्या टोकापासून सुरू केली ती पार डाव्या कडेपर्यंत नेली. आम्हा तिघींनाही उर्दू वाचता येत नव्हती. दादांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली: नरसय्या आणि किसन या शाळेत शिकले.

सुजातानं फोटो काढला तो त्या ओळीचा, आणि ओळीशेजारी उभ्या दादांचा.

दुपारी तिनं आम्हाला सोडलंच नाही. घरी नेऊन सर्वपिंडी खाऊ घातली. तांदळाच्या पिठात शेंगदाणे, तीळ, कांदा घालून पातेल्याच्या बुडाला थापायची आणि बोटानं भोकं पाडून तेल सोडायचं. मला आपलं थालीपीठ आठवलं. फरक इतकाच की हिला झाकणाखाली खरपूस होईपर्यंत हलवायचं नाही. मी घाई करून उलटायला गेले, तर सुजाता "नक्को, नक्को" करत धावली. भिंतीवर नरसय्याचा फोटो होता, म्हातारपणीचा, भुवई तशीच दुभंगलेली. दादा त्याच्या खालीच बसून जेवले. सुजाता आजोबांच्या गोष्टी सांगत होती, की बाजारात कोणाचाही हिशेब ते तोंडी करून द्यायचे आणि लोक नवल करायचे. दादा मान हलवत होते. त्यांना त्याचं नवल वाटत नव्हतं.

निघताना ती म्हणाली, की कपाट आता पुन्हा तिथे जाणार नाही. खिडकीपाशी या दोघांबद्दल पाटी लावायची. पंचायतीतल्या एक-दोघांना ते रुचणार नाही, गावाचं नाव खराब होतं म्हणतील. "म्हणू देत," ती म्हणाली. "त्यांनाही व्हरांड्यात बसवते जरा."

परतल्यावर

लातूरला येऊन आता बरेच महिने झालेत. पंचायतीत व्हायची ती बोलाचाली झाली. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, जुनं कशाला उकरायचं. पण त्यांच्याच नातीनं भर बैठकीत विचारलं, की मग संग्रहालय कशासाठी काढलंय? पाटी लागली. तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. मराठी मजकूर दादांनी लिहिला आणि समीक्षानं तो फोनवरून सुजाताला वाचून दाखवला, एकदाही न अडखळता. त्यात नरसय्याचं नाव आधी आहे.

दर रविवारी सुजाताचा फोन येतो. दादा गच्चीवर जाऊन तेलुगूत बोलतात. आईला आता झोपेतलं कोडं उलगडल्याचं समाधान आहे. गेल्या रविवारी फोनच्या स्पीकरवर सुजाता दक्खनीत सांगत होती, की ती पोरांना संग्रहालय दाखवायला नेते तेव्हा आधी व्हरांड्यात बसवते आणि आतून फळ्यावर धडा लिहिते. अर्धी ओळ दिसते, अर्धी ओळखायची. पहिल्या दिवशी पोरं रडकुंडीला आली होती, काही दिसत नाही म्हणून. आता त्यांना ती चुरस वाटायला लागली आहे आणि शेवटच्या खांबाची जागा कोणाची यावरून भांडणं होतात. काय करावं, असं तिनं दादांना विचारलं.

दादा हसले. मग तिला म्हणाले, "बसू दे पाळीपाळीनं. पण धडा पुरा व्हायच्या आत सगळ्यांना आत घेत जा."